उत्तर ध्रुवीय प्रकाशाची हिवाळी भटकंती: ट्रोम्सो ते आबिस्को

उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसायचा तर तीन गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. ठिकाण ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याखाली असावे लागते, रात्र काळोखी असावी लागते आणि आकाश निरभ्र असावे लागते. पहिल्या दोन गोष्टी नकाशा आणि दिनदर्शिका पाहून घरबसल्या ठरवता येतात, तिसरी कोणाच्याच हातात नसते. सहल वाया जाते ती बहुतेक वेळा ढगांमुळेच. म्हणून किती रात्री, कुठे आणि कोणत्या क्रमाने राहायचे हे ढगांचा विचार करून ठरवावे. उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो आणि उत्तर स्वीडनमधील आबिस्को ही जोडी या दृष्टीने फार सोयीची आहे.

प्रकाश कसा आणि कुठे दिसतो

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. या वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ती मोकळी झाली की इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणात शिरतात आणि तिथल्या वायूंचे अणू-रेणू उजळतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमुळे नेहमीचा हिरवा रंग दिसतो. २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. प्रकाश जोरात असेल तेव्हा खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार उमटते.

हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात पडतो. उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का हे प्रदेश या कड्याखाली येतात. सौर वादळ मोठे असेल तर कडे दक्षिणेकडे पसरते. १० ते ११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळची लाल आभा टिपली ती अशाच वादळात. इतक्या दक्षिणेकडून प्रकाशाचा फक्त सर्वांत उंच भाग दिसू शकतो, म्हणून तिथे हिरवा न दिसता लाल दिसला. पण अशी वादळे क्वचितच येतात, त्यांच्या भरवशावर सहल आखता येत नाही. सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राचा कळस २०२४ मध्ये येऊन गेला असला तरी कड्याखालच्या ट्रोम्सो-आबिस्कोत चक्र उताराला लागल्यावरही प्रकाश दिसत राहतो.

कोणता महिना निवडावा

या अक्षांशांवर मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. पुरेसा काळोख ऑगस्टच्या अखेरीस परत येतो आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. हिवाळी सहलीसाठी या काळाचे दोन भाग करता येतात.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोत सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, बाकी काळोख. प्रकाश पाहायला तास भरपूर मिळतात, पण किनाऱ्यावर या दिवसांत ढग आणि हिमवृष्टीचे प्रमाण मोठे असते आणि दिवसा डोंगरात फिरायला उजेड पुरत नाही.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा भटक्यांसाठी जास्त चांगला काळ. रात्री अजून लांब असतात, दिवसा ऊन असते, बर्फ घट्ट बसलेला असतो आणि स्नोशू किंवा स्की घेऊन डोंगरात जाता येते. शिवाय विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, सौरवारा आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांची मांडणी अनुकूल असल्याने भूचुंबकीय हालचाल सरासरीने वाढते.

तारीख ठरवताना चंद्रही पाहावा. अमावास्येच्या आसपास मंद प्रकाशही दिसतो. पौर्णिमेला तो पुसट होतो, पण बर्फाच्छादित डोंगर उजळून निघाल्याने छायाचित्रे सुंदर येतात. इतक्या उत्तरेला डिसेंबरच्या पौर्णिमेच्या सुमारास चंद्र बहुधा मावळतच नाही, हे लक्षात ठेवावे.

डोंगराच्या दोन बाजू

ट्रोम्सो सुमारे ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर, बेटावर वसलेले शहर आहे. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही तापमान बहुधा शून्याखाली थोडेसेच असते. विमानतळ, हॉटेले, वाटाड्यांच्या गाड्या अशी सगळी सोय आहे. पण समुद्रावरून येणारी ओलसर हवा किनाऱ्यावर ढग आणि बर्फ आणते. म्हणून इथले वाटाडे एका जागी थांबत नाहीत. किनाऱ्यावर ढग असतील तर ल्युंगेन पर्वतरांगेच्या पलीकडे शिबोत्नच्या कोरड्या खोऱ्यात किंवा त्याहून पुढे फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीपर्यंत गाडी नेतात.

आबिस्को स्वीडनमध्ये, टोर्नेट्रेस्क या मोठ्या सरोवराच्या काठी आहे. पश्चिमेकडचे डोंगर ओलावा अडवतात आणि गाव पर्जन्यछायेत राहते. इथला वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे ३०० मिलिमीटर, स्वीडनमधील सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. आसपास ढग दाटलेले असताना सरोवरावर निरभ्र आकाशाचा तुकडा उघडा राहतो, असा अनुभव इथे वारंवार येतो. गाव अगदी लहान असल्याने दिव्यांचा उजेडही कमी. मात्र थंडी कडक असते. उणे २० अंश हे हिवाळ्यात नवलाचे नाही. नुओल्या डोंगरावर सुमारे ९०० मीटर उंचीवर ‘ऑरोरा स्काय स्टेशन’ आहे. तिथे खुर्च्यांच्या रोपवेने जातात. ते आगाऊ नोंदवावे लागते आणि वारा जास्त असला तर रोपवे बंद राहू शकतो. सरोवराच्या काठावरूनही प्रकाश तितकाच चांगला दिसतो.

किती रात्री, कोणत्या क्रमाने

एक-दोन रात्रींसाठी इतक्या लांब जाणे म्हणजे जुगार. किमान पाच रात्री धराव्यात. सात असतील तर उत्तम. ट्रोम्सोत चार आणि आबिस्कोत तीन अशी वाटणी चांगली जमते. मुंबईहून युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळामार्गे ऑस्लो, तिथून सुमारे दोन तासांच्या विमानाने ट्रोम्सो. चार रात्रींनंतर बसने नार्विक, तिथून रेल्वेने आबिस्को. शेवटी किरुनाहून विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने स्टॉकहोम आणि परत. जाताना ऑस्लो आणि येताना स्टॉकहोम असे तिकीट घेतले की उलटा प्रवास वाचतो.

नार्विक ते किरुना या लोहमार्गावर लोहखनिजाच्या जड गाड्या सतत धावतात. डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या घसरल्याने मार्ग बराच काळ बंद पडला होता. हिमवादळानेही रस्ते अडतात. म्हणून ट्रोम्सो ते आबिस्को प्रवासाच्या दिवशी दुसरे काही ठरवू नये आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवावा.

अंदाज कसा वाचावा

ध्रुवप्रकाशाच्या ॲपवर केपी नावाचा आकडा असतो. तो शून्य ते नऊ या पट्टीवर भूचुंबकीय हालचाल सांगतो. दक्षिणेकडच्या देशांत पाचच्या वर गेल्याशिवाय काही दिसत नाही. ट्रोम्सो आणि आबिस्कोत एक-दोन असतानाही चांगला प्रकाश दिसतो. केपी कमी आहे म्हणून खोलीत बसून राहणे ही या ठिकाणी होणारी सर्वांत मोठी चूक.

त्याहून उपयोगी आकडा म्हणजे बीझेड, सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा. तो ऋण झाला आणि तसाच राहिला की प्रकाशाची शक्यता वाढते. सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरचे उपग्रह तो मोजतात, त्यामुळे साधारण अर्धा ते एक तास आधी सूचना मिळते.

संध्याकाळी मात्र आधी ढगांचा नकाशा उघडावा. नॉर्वेचे हवामान खाते आणि एनआरके ही प्रसारण संस्था मिळून चालवतात ती ‘यर’ सेवा मोफत आहे. तिच्यावर तासातासाचा ढगांचा अंदाज पाहावा आणि मगच दिशा ठरवावी.

रात्री बाहेर

प्रकाश कधीही दिसू शकतो, तरी रात्री नऊ ते एक ही वेळ सर्वांत अनुकूल. बहुतेक रात्रींचा क्रम सारखा असतो. सुरुवातीला उत्तरेकडे एक फिकट, स्थिर कमान दिसते. नवख्या माणसाला ती पातळ ढगच वाटते; खात्री करायची तर फोनने काही सेकंदांचे छायाचित्र घ्यावे, प्रकाश असेल तर हिरवा रंग उमटतो. कमान हळूहळू वर चढते, तिची खालची कड ठळक होते आणि मग अचानक ती तुटून उभ्या किरणांचे पडदे वेगाने हलू लागतात. प्रकाश थेट डोक्यावर आला तर किरण एका बिंदूतून चहूकडे फाकल्यासारखे दिसतात. हा जोर अनेकदा काही मिनिटांतच ओसरतो आणि मागे धूसर, लुकलुकणारे ठिपके उरतात. इथे बरेच जण परत फिरतात. पण तास-दोन तासांनी तेच चक्र पुन्हा सुरू होऊ शकते.

डोळे काळोखाला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. फोनचा पडदा मंद ठेवावा आणि हेडलॅम्पचा लाल दिवा वापरावा. मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कमी कळतात, म्हणून फिकट ध्रुवप्रकाश राखाडी-पांढरा दिसतो. छायाचित्रांतला गडद हिरवा रंग प्रत्यक्षात जोरदार प्रकाशाच्या वेळीच जाणवतो.

कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड अत्यावश्यक. रुंद कोनाची, एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची लेन्स, १६०० ते ३२०० आयएसओ आणि ५ ते १५ सेकंद येथून सुरुवात करावी. पडदे वेगाने हलत असतील तर वेळ कमी करावी. फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर लावावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. आत येण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरते.

कपडे आणि सुरक्षितता

सह्याद्रीतले सुती टी-शर्ट आणि जीन्स इथे घातक ठरतात. घाम शोषून ते ओलेच राहतात. अंगालगत मरीनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस किंवा पिसांचे जॅकेट, सर्वांत बाहेर वारा अडवणारा थर अशी रचना ठेवावी. केदारकंठासारख्या हिवाळी हिमालयीन ट्रेकचे सामान बरेचसे चालते. फरक एवढाच की इथे चालण्याऐवजी तासन्‌तास उभे राहायचे असते, त्यामुळे एक थर जास्त लागतो. बूट एक मापाने मोठे घ्यावेत. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे आधी गारठतात. पातळ हातमोज्यांवर जाड बिनबोटी मोजे घातले की कॅमेरा हाताळता येतो. ट्रोम्सोच्या पदपथांवर गुळगुळीत बर्फ असतो, म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी घ्यावेत.

बर्फावर गाडी चालवण्याचा सराव नसेल तर वाटाड्याच्या गाडीतूनच जावे. स्वतः चालवणाऱ्याने प्रकाश दिसला म्हणून रस्त्यात थांबू नये, नेमलेल्या थांब्यावरच वळावे. रेनडिअर अचानक आडवे येतात. काळोखात चालताना कपड्यांवर चमकपट्टी लावावी. स्थानिकांना विचारल्याशिवाय गोठलेल्या सरोवरावर पाय ठेवू नये आणि हिमकड्याचा इशारा पाहिल्याशिवाय डोंगरउतारावर जाऊ नये. दोन्ही देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो.

व्हिसा, खाणे, नोंदणी

नॉर्वे आणि स्वीडन दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. वरच्या आखणीत तो नॉर्वेकडे जातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो; त्यात बर्फातले खेळ धरले आहेत का हे तपासावे.

दोन्ही देश महाग आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि सुपरमार्केटमधून शिधा आणला तर खर्च बराच कमी होतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या, तयार पोहे नेता येतात. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई असते, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. आबिस्कोत दुकान लहान आहे. शिधा आधीच भरून घ्यावा. पैसे जवळपास सगळीकडे कार्डाने देता येतात.

आबिस्कोतल्या खोल्या मोजक्याच असल्याने नोंदणीचा क्रम तिथूनच सुरू करावा, मग विमान, मग ट्रोम्सो. वाटाड्याची फेरी मात्र सगळ्यात शेवटी ठरवावी. ती शक्य तितकी मुक्कामाच्या पहिल्या रात्रींत ठेवावी, म्हणजे ढगांमुळे रद्द झाली तरी पुढच्या रात्री हाती राहतात.