जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअरतेल बदलताना

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. गाडी चालते तीच या तेलाच्या जोरावर. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात आणि एकाची फिरकी दुसऱ्याला मिळते ती मधल्या तेलामुळे. पुढे पंपाने दाबलेले तेल आतल्या क्लचप्लेटा आवळून धरते. त्या सुटल्या-आवळल्या की गिअर बदलतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत तेल थोडे उतरले तरी ती बरेच दिवस तक्रार न करता चालते. ऑटोमॅटिकमध्ये लिटरभर तेल कमी पडले की दाब ढासळतो, प्लेटा घसरतात, घसरताना तापतात आणि करपतात. म्हणून तेल बदलण्याच्या कामात खरी जोखीम नट खोलण्यात नाही, ती पातळी मोजण्यात आहे.

तेलाचा मुख्य शत्रू उष्णता. एका ढोबळ नियमानुसार तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत जास्त तापतो तो वेगात नव्हे, तर हळू चालताना आणि चढावर. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातल्या गाडीच्या वाट्याला हे दोन्ही येते: कारखान्यांतली पाळी सुटण्याच्या वेळी नगर नाक्यापासून वाळूजपर्यंत थांबत-थांबत जाणारी रांग, वेरूळकडे जाताना दौलताबादचा घाट. शिवाय मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा पारा असतोच. काही कंपन्या या तेलाला ‘आयुष्यभराचे’ म्हणतात. पंधरा वर्षांच्या गाडीला तो शब्द लावू नये. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळे वेळापत्रक दिलेले असते. इथला वापर बहुधा त्यातच मोडतो.

तेल कोणते, हा प्रश्न दुकानात जाण्याआधी सोडवावा. लाल रंग दिसला म्हणजे तेल चालले, असे नसते. प्लेटांनी किती घट्ट आणि किती हळुवार पकडायचे, हे तेलातली घर्षण नियंत्रित करणारी रसायने ठरवतात आणि ती प्रत्येक बनावटीत निराळी असतात. एके काळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. १९७० नंतर त्यावर बंदी आली आणि पर्यायी रसायने शोधावी लागली. जुन्या चार-गिअर ह्युंदाई ऑटोमॅटिकना एसपी-थ्री लागते. टोयोटाच्या गाड्यांना वर्षानुसार टी-फोर किंवा डब्ल्यूएस. होंडाच्या जुन्या झेड-वनची जागा पुढे डीडब्ल्यू-वनने घेतली. पट्टा-पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्सचे तेल पूर्णपणे वेगळे. त्यात साधे ऑटोमॅटिक तेल घातले तर पट्टा आणि पुली दोन्ही जातात. पुस्तिकेतले नाव कागदावर उतरवून न्यावे आणि ‘सगळ्याला चालते’ या आश्वासनावर डबा घेऊ नये.

बदलण्याआधी आतले तेल पाहावे. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकावेत. गर्द लाल किंवा तांबूस तपकिरी असेल तर ते जुने झाले आहे, एवढेच. काळे आणि करपलेल्या वासाचे असेल तर प्लेटा झिजल्याची शक्यता मोठी. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून पाणी शिरले आहे; अशी गाडी पुढे चालवूच नये. गिअर आधीच घसरत असेल तर नवे तेल घातल्याने तो दुरुस्त होत नाही. तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला, अशी कहाणी अनेक गॅरेजांत ऐकू येते. बहुतेक वेळा तो गिअरबॉक्स आधीच संपत आलेला असतो आणि दोष शेवटच्या कामावर येतो. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गाडीत यंत्राच्या दाबाने संपूर्ण तेल धुऊन काढणे मात्र टाळावे. तळाशी बसलेला गाळ उठून वाल्व बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो.

त्यापेक्षा नटातून निथळेल तेवढेच काढून तेवढेच भरणे बरे. एकूण सहा-सात लिटर तेल घेणाऱ्या छोट्या गाडीत नटातून तीन-साडेतीन लिटर निघते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. एका फेरीत निम्मे तेल नवे होते, दुसरीत पाऊण, तिसरीत जवळजवळ सात-अष्टमांश. दोन फेऱ्यांमध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालू द्यावी.

गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली घोड्या लावल्याच पाहिजेत. तेल कोमट असावे, कढत नको. नुकत्याच घाटातून आलेल्या गाडीच्या तेलाने हात भाजतो. खालचा नट गिअरबॉक्सचाच आहे, इंजिनाचा नव्हे, हे दोनदा तपासावे. काही गाड्यांत दोन्ही शेजारी असतात. निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरावे आणि आकडा लिहून ठेवावा. नटाच्या चुंबकावर राखाडी मऊ चिखल असणे नेहमीचे आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण मिळाले तर गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आली आहे. वायसर नवा घालावा.

यातले मोजमाप चुकले तर काय होते, ते छावणीतल्या एका कुटुंबाच्या २००९-१०च्या सुमाराच्या आय-टेन ऑटोमॅटिकने दाखवले. तेल बदलणाऱ्याने निघालेले तेल मोजले नव्हते. नवे भरून, इंजिन बंद ठेवून, इंजिन ऑइल पाहतात तसे गेज पाहिले. खुणेपर्यंत तेल दिसले. गावात गाडी नीट चालली. दौलताबादच्या घाटात, चढाच्या वळणावर, इंजिनाचा आवाज एकाएकी चढला आणि वेग मात्र तिथेच राहिला. गाडी वेळीच बाजूला घेतली म्हणून प्लेटा वाचल्या. नंतर इंजिन चालू ठेवून गेज बुडवले, तेव्हा तेल टोकालाच जेमतेम लागले.

इंजिन बंद असताना पंप थांबतो, वरच्या वाटांतले तेल खाली उतरते आणि पातळी फसवी वर दिसते. चढावर तेच अपुरे तेल चेंबरच्या मागच्या बाजूला सरकते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि दाब बसतो. म्हणून बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची असते. आधी जवळच्या मिटमिटा गावापर्यंत जाऊन यावे, म्हणजे तेल तापते. मग ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानावर काही क्षण थांबवत फिरवावा, पुस्तिका सांगेल त्याप्रमाणे पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आणावा आणि गेज पुसून पुन्हा बुडवावे. जुन्या होंडात रीत उलटी: गाडी तापवून इंजिन बंद करायचे आणि मिनिट-दीड मिनिटात पाहायचे. गेजवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड तेल गरम खुणेपर्यंत भरले तर तापल्यावर ते जास्त होते, गिअर ते घुसळतात आणि पुन्हा फेसच येतो. बारीक नळीच्या नरसाळ्याने पाव-पाव लिटर घालत जावे.

गेज नसलेल्या गाड्यांत भरण्याचा नट आधी सैल करून पाहावा आणि मगच खालचा खोलावा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल निघून गेले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून स्कोडा गाड्या तयार होऊ लागल्या, त्यामुळे या शहरात त्यांचे जुने मालक बरेच आहेत. स्कोडा लॉरामधल्या सहा-गिअर डीएसजी (दुहेरी क्लचच्या) गिअरबॉक्सला ६०,००० किलोमीटरवर तेल आणि फिल्टर दोन्ही लागतात. पातळी पाहताना इंजिन चालू आणि तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असावे लागते. तापमान वाचणारे यंत्र नसेल तर ते काम घरी करू नये.

जुने तेल खाम नदीच्या नाल्यात किंवा मातीत ओतू नये. वापरलेले तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पिंपात तेल साठवून ते पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी नटाखाली ओल आहे का ते पाहावे, पातळी पुन्हा एकदा तपासावी आणि तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव व भरलेले लिटर गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवावेत.