उपस्थाता : वृद्धनिवासातील चिकित्सेचा तिसरा पाद

चिकित्सेच्या चतुष्पादाचा अभ्यास आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत केलेला असतो. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चार पाद आणि प्रत्येकाचे चार याप्रमाणे सोळा गुण उत्तरपत्रिकेत लिहून झाले की बहुतेकांच्या बाबतीत हा विषय तेथेच संपतो. पुढे व्यवसायात भिषक् आपण स्वतः असतो, द्रव्य औषधालयातून येते, रोगी समोर बसलेला असतो. उपस्थाता मात्र दिसत नाही. कारण ते काम रुग्णाची पत्नी, सून किंवा मुलगी घरी करीत असते. हा पाद वैद्याच्या दृष्टीस स्पष्टपणे पडतो तो वृद्धनिवासात. तेथे घर मागे राहिलेले असते आणि घराचे सर्व काम पगारी हातांवर आलेले असते. या हातांविषयी शास्त्र काय सांगते व वैद्य म्हणून आपण त्यांची कदर कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारक हा पाद चौथा गणला असून त्याचे वर्णन अधिक रोखठोक केले आहे. तो स्नेहशील असावा, त्याला किळस नसावी, अंगात बळ असावे, रोग्याच्या रक्षणात तो तत्पर असावा, त्याने वैद्याचे सांगणे पाळावे आणि तो न थकणारा असावा. हा अध्याय राजाच्या सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे बळाचा आणि न थकण्याचा उल्लेख का आला ते कळते.

याच नवव्या अध्यायात वैद्याला कुंभाराची उपमा देऊन त्याचे प्राधान्य सांगितले आहे. माती, दांडा, चाक असूनही कुंभारावाचून घट होत नाही, तसे वैद्यावाचून उरलेले तीन पाद कार्य साधीत नाहीत. ही उपमा आपल्याला फार प्रिय आहे. मात्र साध्य व्याधी बरा करण्याच्या प्रसंगी ती जितकी लागू पडते तितकी वृद्धनिवासात पडत नाही, असे माझे मत आहे. जरा ही सुश्रुताचार्यांनी स्वाभाविक व्याधींमध्ये गणली आहे. तिच्या सोबतीने येणारे संधिवात, पक्षाघाताचे अवशेष, स्मृतिभ्रंश, मधुमेह हे बहुधा याप्य असतात. याप्य रोग्याला क्रिया कशी धरून ठेवते, हे सांगताना सुश्रुतांनी पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त दिला आहे. हा टेकू आठवड्यातून एकदा लावून भागत नाही, रोज लावावा लागतो. आठवड्याला एकदा येणारा वैद्य टेकू कोठे लावावा हे सांगतो. रात्री दोन वाजता तो लावणारा हात उपस्थात्याचा असतो.

कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत लहानमोठे वृद्धनिवास दिसू लागले आहेत. मुंबईच्या मानाने स्वस्त जागा, मोकळी हवा आणि लोकलची सोय ही त्याची उघड कारणे. याच मार्गावर थोडे पुढे, नेरळ येथे, १९९५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची वसाहत उभारली. शिवाय आपल्या शहरांतील माणसेही वृद्ध झाली आहेत. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून व शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त झालेल्यांची मुले आज पुण्यात, बंगलोरात वा परदेशात आहेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी दिशा दिली. त्या कलमात वृद्धांची संख्या आहे. त्यांच्या खाटेशेजारी उभे राहणाऱ्यांची नाही.

हे उभे राहणारे लोक कोण असतात? रहिवासी त्यांना मावशी, ताई, दादा म्हणतात. बऱ्याच जणी वांगणी, शेलू, नेरळच्या आसपासच्या गावांतून व वाड्यांतून पहाटेच्या गाडीने येतात. काही संस्थेच्या नोकरीत असतात, काही ब्यूरोमार्फत आलेल्या असतात आणि त्यांच्या मिळकतीतील वाटा ब्यूरोला जातो. औपचारिक प्रशिक्षण फार थोड्यांचे झालेले असते. उपचारज्ञता त्यांनी काम करता करता मिळविलेली असते आणि ती मिळविताना कोणी वैद्याने त्यांना शिकविले, असे क्वचितच घडते.

चरकसंहितेच्या उपकल्पनीय अध्यायात, म्हणजे सूत्रस्थानाच्या पंधराव्यात, आतुरालय सिद्ध करताना कोणते सेवक जमवावेत याची नामावळी आहे. भात व कढण शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, उठविणारा, निजविणारा, औषध वाटणारा असे निरनिराळे लोक त्यात आहेत. रोग्याचे मन रमविण्यासाठी गाणारे व कथा सांगणारेही आहेत. आजच्या वृद्धनिवासात ही सारी माणसे एकाच मावशीत एकवटलेली असतात. सकाळी सहाला ती ओली चादर बदलते, सातला तोंड धुवून दात बसविते, आठला भरविते, नऊला स्नान घालते आणि दुपारी, वेळ मिळालाच तर, आजींच्या त्याच त्या आठवणी पुन्हा ऐकून घेते. या शेवटच्या कामाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या कामातील वैद्यकीय भाग किती सूक्ष्म आहे, हे आपण लक्षात घ्यावयास हवे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे, टाचा येथील त्वचा रोज न्याहाळावी लागते. तेथे लाली दिसली आणि दाब काढूनही ती गेली नाही, तर तो व्रणाचा आरंभ समजावा. आपल्या चिकित्सेच्या दृष्टीने येथे एक विशेष सावधगिरी आहे. अभ्यंग हा वृद्धांसाठी उत्तम उपक्रम असल्याने आपण तो सहज लिहून देतो. परंतु अशा लाल झालेल्या जागी तेल जोराने चोळल्यास खालचे नाजूक मांस अधिकच दुखावते. ती जागा सोडून अभ्यंग करावा, असे परिचारिकेला स्पष्ट सांगितले पाहिजे. तसेच पादाभ्यंगानंतर तळवे पुसून कोरडे केल्याशिवाय वृद्धाला फरशीवर उभे करू नये. वातशमनासाठी दिलेले तेल अस्थिभंगाचे कारण होऊ शकते.

भरविण्याचेही तसेच. पक्षाघात झालेल्या वा स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धाला ताठ बसवून, लहान घास देऊन, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावयाचा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यावयाचे नाही. घाई झाली तर अन्नकण श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाला सूज येऊ शकते. एका मावशीकडे अशी चार माणसे भरवावयाची असतील, तर घाई होणार की नाही? हा प्रश्न त्या मावशीला विचारण्याचा नाही, संस्थाचालकांना विचारण्याचा आहे. आणि वैद्याने विचारला तर त्याला वजन येते.

वेगधारण हा विषय आपण रुग्णांना नेहमी सांगतो. वृद्धनिवासात वेगधारण बहुधा रुग्णाच्या इच्छेने होत नाही. हाक मारल्यावर कोणी येईपर्यंत ते घडते. रात्रपाळीला वीस रहिवाशांमागे एकच व्यक्ती असेल, तर मूत्रवेग धरला जाणार, संकोचाने पाणी कमी प्यायले जाणार, त्यातून मलावरोध होणार आणि शेवटी अंधारात एकट्याने उठून पडणे होणार. हाकेला लगेच येणारी परिचारिका या सगळ्या साखळीची पहिलीच कडी तोडते. जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणाला मिळत नसल्याने तिलाही ते मिळत नाही.

“आजी आज वेगळ्या वाटतात” हे वाक्य परिचारिकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग, जलाल्पता किंवा साखर उतरणे यांचे पहिले लक्षण पुष्कळदा ज्वर किंवा वेदना नसून अचानक आलेला गोंधळ, सुस्ती वा चिडचिड असते. काल आणि आज यांतील फरक पाहण्यासाठी काल तेथे असावे लागते. आपण नव्हतो, ती होती. अशा वेळी नाडी, रक्तदाब व साखर पाहून, आवश्यक वाटल्यास रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

उल्हासनगरच्या वृद्धांबाबत आणखी एक गोष्ट आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या या वसाहतीला १९४९ साली शहराचे रूप मिळाले. त्या वेळी कडेवर वा बोट धरून आलेली मुले आज ऐंशी वा नव्वदीच्या घरात आहेत. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी जातात आणि बालपणीची भाषा उरते. मग आयुष्यभर हिंदी बोललेल्या अम्मा केवळ सिंधी बोलू लागतात, आणि सेवेला असते शेलूची मराठी मावशी. पाणी हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच, त्यामुळे तेवढे भागते. पण जेवणासाठी ‘मानी’ आणि दुखण्यासाठी ‘सूर’ हे शब्द तिला कोणी शिकविलेले नसतात. गुडघ्यावर ठेवलेला हात आणि चेहऱ्यावरची आठी पाहून ती ते शिकते. कोणाला कोणते अन्न सात्म्य आहे, कोणाला कढीभात दिला की दोन घास जास्त जातात, हेही तिला ठाऊक असते. याला दाक्ष्य म्हणावे की अनुराग, हे मला ठरविता आलेले नाही.

अनुरागाविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. चरकाचार्यांना तो ‘भर्त्या’वर अपेक्षित आहे. जुन्या काळी श्रीमंताच्या घरी पोसणारा धनी आणि रोगी बहुधा एकच असे. आज पैसे देणारा मुलगा दूरदेशी, पगार देणारी संस्था कार्यालयात आणि सेवा घेणारा रोगी खाटेवर, अशी भर्त्याची तीन ठिकाणी वाटणी झाली आहे. मुलाला दूरध्वनीवर आश्वासन हवे असते, कार्यालयाला वही पूर्ण हवी असते, आजोबांना कुशीखाली उशी हवी असते. तिन्ही मागण्या एकाच वेळी आल्यावर जी आधी उशी ठेवते, तिला शास्त्रार्थ कळला आहे असे समजावे.

उरला तो न थकण्याचा गुण. हा गुण मागण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? बारा तासांची पाळी, रात्रिजागरण, वजन उचलणे आणि येण्याजाण्याचा प्रवास यांनी वातप्रकोप होणारच. कटिशूल, मन्याशूल, गुडघेदुखी, सतत पाण्यात राहिल्याने हातांना पडलेल्या भेगा हे या स्त्रियांचे नित्याचे विकार. पंचेचाळिशीची मावशी पंच्याहत्तरीच्या आजींना उचलते तेव्हा त्या खोलीत संधिवाताचे रुग्ण दोन असतात. उल्हास नदीला पूर आला की परिस्थिती आणखी बिकट होते. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण बदलापूरकरांना आजही आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. असा मार्ग बंद झाला की सकाळपाळी येत नाही आणि रात्रपाळीच पुढे चालू राहते. मार्च २०२० मधील टाळेबंदीत तर अनेक वृद्धनिवासांतील सेवक घरी न जाता आतच राहिले. त्यांचीही मुले घरी होतीच.

परिचर्येला हलके काम समजण्याची वृत्ती जुनी आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी परिचारिकांचे शिक्षण हाती घेतले, तेव्हा पांढरपेशा घरांतून त्याला विरोधच होता. रुग्णालयातील परिचारिकेला आज प्रतिष्ठा आहे; वृद्धनिवासातील मावशीपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

आता वैद्यांनी करावयाचे काय? वर्षातून एकदा गुलाबपुष्प व साडी देऊन सत्कार होतात, ते अवश्य व्हावेत. पण आपली कदर चिकित्सापत्रात दिसली पाहिजे. सुश्रुतांना वैद्याचे सांगणे पाळणारा परिचारक हवा. म्हणजे ते सांगणे त्याला कळले पाहिजे. ‘अपानकाली कोष्ण जलासह’ असे न लिहिता ‘जेवणाआधी, कोमट पाण्याबरोबर’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. दिवसातून किती वेळा औषध देणे तिला शक्य आहे हे विचारून मगच मात्रांची संख्या ठरवावी. सहा वेळा द्यावयाची सहा चूर्णे हा वृद्धावर आणि मावशीवर सारखाच अन्याय आहे. भेटीच्या वेळी नातेवाईक व व्यवस्थापक यांच्या आधी परिचारिकेशी बोलावे आणि तेही उभ्याउभ्या नव्हे. वजनदार व्यक्तीला खालची चादर दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी सरकवावे, एकट्याने काखेत हात घालून ओढू नये, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. त्यांच्या कंबरेची तपासणी आपण त्याच फेरीत विनामूल्य करू शकतो. त्यास दहा मिनिटे पुरतात. संघटनेच्या तिन्ही शहरांतील सभासदांनी मिळून दर तिमाहीस एक रविवार परिचारकांच्या प्रशिक्षणास दिला, तर अभ्यंग, भरविणे आणि त्वचा पाहणे एवढे तीन विषय वर्षभरात नीट शिकविता येतील. त्या दिवसाचा रोजगार बुडणार नाही अशी व्यवस्था मात्र आधी संस्थेकडून करून घ्यावी, अन्यथा शिकावयास कोणी येणार नाही.

एक बाब राहिली. वृद्धनिवासात मृत्यू होतो तेव्हा सांत्वन नातेवाइकांचे होते. शेवटचे चार महिने तोंडात पाणी घालणारी, देह पुसून स्वच्छ करणारी बाई दुपारपर्यंत तीच खाट नव्या रहिवाशासाठी तयार करीत असते. रुग्णपत्रकावर आपण मृत्यूची वेळ व कारण लिहून सही करतो. त्याच पत्रकावर ‘अंतकाळी जवळ कोण होते’ असा एक रकाना वाढवावा आणि तेथे तिचे पूर्ण नाव लिहावे. नातेवाईक पत्रकाची प्रत नेतात, तेव्हा तो रकाना त्यांना दाखवावा.