गोळी चुकवली असणार!

अपस्माराच्या माणसाला फिट आली की दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गोळी चुकवली का?’ प्रश्नात गैर काही नाही. बंद झालेली फिट पुन्हा येण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. राग येतो तो उत्तर ऐकून न घेण्याचा.

प्रस्तुत लेखिका (‘मी’ म्हणून लिहायला घेतलं की भाषा हाताबाहेर जाते, म्हणून ही आड) निवृत्त शिक्षिका आहे. कार्बामाझेपिनची गोळी सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, आणि फिट नाही. पन्नाशीनंतर थायरॉइड निघालं, मग साखर, शेवटी बीपी. तिन्हींचे डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या. यात विशेष काहीच नाही. अपस्मार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना शरीराचा किंवा मनाचा आणखी एखादा आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विशेष हे, की चार फायली एकत्र वाचायचं काम कुणाचंच नसतं.

बीपी आटोक्यात येईना म्हणून त्या डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. ‘फिटची गोळी चालू आहे हं डॉक्टर,’ हे लेखिकेने दोनदा सांगितलं. ‘चालेल, चालेल,’ असं उत्तर आलं, तेही संगणकावरून मान वर न करता.

पुढच्या काही दिवसांत डोकं जड, मळमळ, चालताना तोल जाणं. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं ऊन. दळणाचा डबा घेऊन निघालेली लेखिका जिन्यात उभी राहून ‘आपण कुठे निघालो’ हे आठवू लागली, तेव्हा मुलगी घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशीच फिट आली.

आता जिथे नेलं त्या नावाजलेल्या रुग्णालयातला प्रसंग. शुद्ध येते न येते तोच, चावलेल्या जिभेने धड बोलताही येत नसताना, कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, ‘काय आजी, गोळी चुकवली ना?’ मुलीने पिशवीतून गोळ्यांची डबी काढून समोर धरली. सोमवार ते रविवार, वरचा कप्पा सकाळचा, खालचा रात्रीचा. त्या दिवसापर्यंतचे सगळे कप्पे रिकामे. डॉक्टरने डबीकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाला, ‘या वयात विसरतात हो.’ आणि केसपेपरवर कार्बामाझेपिनचा डोस वाढवून ठेवला.

रात्री मुलगी रक्ताचे रिपोर्ट चाळत बसली होती. साखर बरी, हिमोग्लोबिन बरं. खाली सोडियम ११८, ठळक अक्षरात. शेजारी नेहमीची मर्यादा छापलेली: १३५ ते १४५. सिस्टर म्हणाल्या, ‘राउंडला सर येतील तेव्हा विचारा.’ मुलगी थांबली नाही. तिने फिटवाल्या डॉक्टरांना फोन लावला, आकडा सांगितला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, ‘बीपीची गोळी बदलली का?’ एवढा एक प्रश्न दिवसभरात कुणालाही सुचला नव्हता.

झालं होतं ते असं. कार्बामाझेपिन शरीरात पाणी धरून ठेवतं, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. ऑक्सकार्बाझेपिन तर जास्तच. त्यावर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आलं की ते लघवीवाटे सोडियम बाहेर काढतं. सोडियम फार घसरलं की मेंदूच्या पेशींना सूज येते, माणूस बरळतो, आणि फिट येते. म्हणजे फिट आली ती गोळी चुकवल्याने नव्हे, दोन्ही गोळ्या निमूट घेतल्याने! वाढवलेल्या डोसाने सोडियम आणखी खाली गेलं असतं. बीपीची नवी गोळी बंद झाली, सलाइन सावकाश दिलं गेलं (घाईने सोडियम वर आणलं तर मेंदूलाच इजा होऊ शकते) आणि डोकं ताळ्यावर आलं.

डिस्चार्ज कार्डवर मात्र छापून आलं, ‘औषधे नियमित न घेतल्याने फिट’. दुरुस्ती मागितली, तर ‘सिस्टीममधून निघून गेलंय’. माफी वगैरे तर सोडूनच द्या.

तेव्हा इतरांसाठी थोडं. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असताना बीपीची गोळी बदलली, तर ती सुरू करण्याआधी आणि नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत सोडियम तपासायला सांगा. साधी, स्वस्त रक्ततपासणी आहे. नावाच्या शेवटी ‘एच’ लावलेल्या बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत ते लघवीचं औषध असतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचा. मात्र काही आढळलं म्हणून फिटची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर फिटमागून फिट येऊ शकते.

गोष्ट बीपीपुरती नाही. घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी चढवतं. माणूस झिंगल्यासारखा चालतो. जुलाबासाठी सर्रास मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, आणि कंबरदुखीवरचं ट्रॅमाडॉल, फिटला वाट मोकळी करून देतात. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या रुग्णाला मेरोपेनेम लावलं, तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. क्षयाच्या औषधांचं तर उलटसुलट: रिफॅम्पिसिन फेनिटॉइनची पातळी उतरवतं, आयसोनियाझिड चढवतं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनमुळे थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास हाडंही ठिसूळ होतात. हे सगळं पुस्तकात आहे, गुपित नाही. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, इतकंच.

म्हणून चालू औषधांची यादी एका कागदावर लिहा: औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ. कागद पाकिटात ठेवा, फोटो मुलांच्या मोबाइलवर. नवं औषध लिहून मिळालं की एकच ठाम प्रश्न विचारा, ‘माझ्या फिटच्या गोळीबरोबर हे चालतं का, बघून सांगता?’ ‘बघून’ या शब्दावर जोर द्या. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. औषधवाल्याने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी पट्टी पुढे केली तर फिटच्या गोळीबाबत तरी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनच्या बाबतीत एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी, असा जाणकारांचा सल्ला असतो.

बाकी झोप पुरेशी घ्या, जागरण टाळा, वेळेवर जेवा. हे सगळ्यांना माहीत असतं. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन निर्जळी उपास करणारे तरीही भेटतात, आणि साखर फार उतरली की त्यानेही फिट येते.

विम्याचं काय, असं नातेवाईक विचारतात. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत, कंपनीला कायमचे वगळता येणाऱ्या आधीच्या आजारांची यादी होती. अपस्मार त्यात होता. पॉलिसी घेताना वगळलेल्या आजारांचं कलम वाचून घ्या, एजंट सांगणार नाही.

नातेवाइकांनाही एक सांगायचं आहे. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावणं कमी झालंय, पण डायबेटिस आहे हे माहीत असलेला कुणीतरी हमखास तोंडात साखर कोंबतो. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. काहीही तोंडात घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, घड्याळ बघा. झटके थांबले की ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड द्या. फिट पाच मिनिटांपलीकडे गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन करा, आणि अलीकडे कोणती गोळी बदलली ते रुग्णवाहिका आल्या आल्या सांगा.