रुंद पट्टा वळवायचा नसतो, वळणातच कापायचा असतो

पाव इंची लाईन चाकाच्या कमानीवरून हाताने फिरवता येते, म्हणून चार इंची पट्टाही तसाच फिरेल असं समजून रेडियमच्या धंद्यात उतरू नका, मुलांनो. आधी हिशेब बघा. अर्धं वर्तुळ घ्यायचं तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पट्ट्याच्या रुंदीच्या तिपटीहून थोडी जास्तच लांब लागते. पाव इंची लाईनला हा फरक पाऊण इंचाचा, तेवढं विनायल निमूट सोसतं. चार इंची पट्ट्याला तोच फरक साडेबारा इंचांचा. साडीचा सरळ काठ गोल गळ्याला लावायला घेतला की आतल्या बाजूने चुण्या पडतात, तसंच इथं होतं. घेर मोठा असला तरी फरक तेवढाच राहतो, फक्त जास्त लांबीवर पसरतो. म्हणून लक्झरी बसच्या अंगावरची लांबलचक लाट जमून जाते आणि मोटारसायकलच्या टाकीवरचा वीतभर पट्टा घाम काढतो.

तेव्हा रोल हातात धरून वळणावर ओढायचा नाही. आधी बारीक टेपने दोन्ही कडा गाडीवरच आखून घ्या. बारीक टेप वळते, चुकली तर उचलून परत लावता येते, पैसा जात नाही. मग दहा-पंधरा पावलं मागं जा. एकदा उभं राहून बघा, एकदा उकिडवं बसून बघा. जवळून सरळ वाटणारी रेघ लांबून पोट काढलेली दिसते. ती तिथंच दुरुस्त करा. पट्टी लावून मोजत बसण्यापेक्षा इथं डोळा खरा.

रेघ मनासारखी झाली की तिच्यावर कागद धरून खाका उतरवा, तो विनायलवर ठेवून टेबलावर कापा. दुसऱ्या बाजूला तोच कागद पालथा घालायचा. नवीन आखायला जाल तर दोन बाजू कधी जुळणार नाहीत. कागद ठेवताना माप दाराच्या कडेवरून घ्या, चाकावरून नको, चाक दबतं. गाडीवर ठेवून ब्लेडने कापायची सवय मात्र मोडा. रंगाला चीर गेली की पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. जागेवरच कापणं भाग असेल तर आत दोरा असलेली नाईफलेस टेप मिळते. ती विनायलखाली घालायची, दोरा ओढला की कड आपोआप कापली जाते.

आता प्लॉटर आलाय, कॉम्प्युटरवर लाट काढली की काम झालं, असं तुम्ही म्हणता. प्लॉटरला सपाट कागद कळतो, मडगार्डचा फुगवटा कळत नाही. सपाट पत्र्यावरचं वळण कापून सुटतं. जिथं पत्राच दोन्ही दिशांनी फुगलाय तिथं कापूनही थोडं ताणावं लागतं. तिथं माल बघून घ्या. लाटून काढलेलं कॅलेंडर्ड विनायल स्वस्त, साधारण 75 ते 100 मायक्रॉनचं. ते ताणलं की उन्हात परत आखडतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ दिसायला लागते. ओतून केलेलं कास्ट विनायल 50 मायक्रॉनच्या आसपास, महाग, पण फुगवट्यावर तेच टिकतं. गिऱ्हाइकाला दोन्हीचे भाव सांगा आणि स्वस्तातलं फक्त सपाट जागेसाठी द्या.

पट्टा मधोमध मास्किंग टेपने अडकवा, अर्ध्या भागाचा मागचा कागद काढा, मधून कडेकडे दाबपट्टी फिरवा, मग उरलेला अर्धा. सपाट दारावर शाम्पूचं पाणी चालतं. वळणावर कोरडंच लावा. ओल्या गोंदाला पकड नसते आणि खाचेत पाणी अडकतं. खाचेवर पट्टा ताणून वरून पूल बांधू नका, आधी तळाशी टेकवा, मग बाजू चढवा. शेवटी ताणलेल्या जागा आणि कडा हीट गनने चांगल्या तापवा. कास्टला 90 अंशांच्या पुढं उष्णता लागते, त्याशिवाय ते ताण विसरत नाही.

काम सावलीत करा. तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवायला जागा उरत नाही. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर रंगाला खातो, पेट्रोल तेलकट थर ठेवतं. गॅरेजमध्ये नुकताच रंग मारलेली गाडी आली तर तीन-चार आठवड्यांनी बोलवा. रंगातला वायू सुटत असतो, वर फुगेच येतात. जोड द्यायचा झाला तर पुढचा तुकडा मागच्यावर चढवा, म्हणजे वाऱ्याने कड उचलत नाही. दाराच्या फटीत पट्टा कापून कड दोन सूत आत वळवा. गाडी देताना दोन दिवस धुऊ नका म्हणून सांगा.

मालवाहू गाड्यांवर पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल अशी चकाकणारी पट्टी कायद्याने असते. अंधारात रस्त्याकडेला उभा ट्रक मागून येणाऱ्याला तिच्यामुळेच दिसतो. मालक कितीही म्हणाला तरी तिच्यावर आपली नक्षी चढवू नका.