पान उघडतांच काय करावें?

विद्यार्थ्यांनो, परीक्षेचा निकाल पाहण्यासाठीं आपण मोबाइलवर पान उघडतों. ‘निकाल पाहा’ हें बटण दिसतें. परंतु तें दाबलें तरी कांहीं क्षण कांहींच होत नाहीं. अशा वेळीं वडील मंडळी नेटवर्कला दोष देतात. पुष्कळदां दोष पान रचणाराच्या मांडणीचा असतो. तो कसा, हें आम्ही येथें सांगूं.

ब्रेंडन आइक यांनीं 1995 सालीं नेटस्केप कंपनींत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. एखादी घटना घडली असतां करावयाचें काम ज्या फंक्शनकडे सोंपविलेलें असतें, त्यास हँडलर म्हणतात. पान उघडतांना दोन घटना मुख्य होत. एचटीएमएल वाचून पानाचा सांगाडा तयार झाला म्हणजे ‘डॉमकंटेंटलोडेड’ घडते. चित्रें वगैरे सर्व परिवार येऊन पोंचला म्हणजे ‘लोड’ घडते. बटणास काम जोडणें ‘लोड’वर टाकलें, तर एक मोठें छायाचित्र येईपर्यंत बटण निर्जीव राहतें.

दुसरी गोष्ट. ‘विंडो.ऑनलोड’ ही एकच खुंटी आहे. तिला दुसरें फंक्शन अडकविलें कीं पहिलें निमूटपणें गळून पडतें. ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’नें मात्र एकाच घटनेस अनेक हँडलर जोडतां येतात, व ते जोडल्या क्रमानें चालतात.

परंतु या सोयींतच धोका आहे. पानाचा मुख्य थ्रेड एकच; तोच हँडलर चालवितो आणि तोच बोटाच्या स्पर्शास उत्तर देतो. समजा, दहा जणांनीं एकाच घटनेस एकेक हँडलर जोडला व प्रत्येकास 40 मिलिसेकंद लागले. प्रत्येक जण म्हणेल, माझें काम अल्प आहे. तथापि ते सर्व लागोपाठ चालून 400 मिलिसेकंद पान मुकें राहतें. 50 मिलिसेकंदांहून अधिक चालणारें काम ‘दीर्घ’ समजतात, हें ध्यानांत घ्यावें.

यासाठीं आमची सूचना अशी, कीं पान उघडतांना करावयाच्या सर्व कामांची यादी एके ठिकाणीं ठेवावी व तिचे तीन भाग करावे. बटण, शोध-चौकट इत्यादि वाचकास लागलीच लागणारीं कामें सांगाडा तयार होतांच करावीं. भेटींची मोजणी वगैरे ‘लोड’नंतर करावी. पानाच्या तळाशीं असलेल्या नकाशासारखीं कामें वाचक तेथवर येईल तेव्हांच करावीं. एखादें काम मोठेंच असेल, तर त्याचे तुकडे करून मध्यें थ्रेडास उसंत द्यावी. निकालाच्या 500 ओळींस 500 हँडलर न जोडतां सबंध तक्त्यास एकच जोडावा. ओळीवरील स्पर्श तेथपर्यंत पोंचतोच.

शेवटीं, ब्राउझरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागांत पानाची परीक्षा घ्यावी, आणि तींत प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करून पाहावा. शाळेंतील वेगवान संगणकावर जो विलंब दिसत नाहीं, तो स्वस्त मोबाइलवर स्पष्ट दिसतो; आणि निकालाची वाट पाहणारे कित्येक जण तसाच मोबाइल हातीं धरून बसलेले असतात.