भुईआवळीतील गुणद्रव्ये व त्यांची जपणूक

पावसाळ्यात खरीप पिकांत, बांधांवर व पडीक जमिनीत भुईआवळी आपोआप उगवते. खुरपणीच्या वेळी ती तण म्हणून उपटून फेकली जाते. तथापि, काविळीवर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीस औषधी माल म्हणून मागणी असते. तिचे मोल पानांतील द्रव्यांवर अवलंबून असल्याने ती गोळा करण्याची व वाळविण्याची योग्य रीत जाणून घेणे अगत्याचे आहे.

गुणद्रव्यांचे कार्य : साठविलेले तेल कालांतराने खवट होते, चिरलेले वांगे काळे पडते. प्राणवायूशी संयोग होऊन हे बदल घडतात. शरीरातही अशी क्रिया चालू असते. तिचा अतिरेक झाल्यास पेशींना इजा पोहोचते. तिला आळा घालणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये म्हणतात. भुईआवळीत टॅनिन व फ्लॅव्होनॉइड या वर्गांतील अशी द्रव्ये आहेत. प्रयोगशाळेत एका विशिष्ट जांभळ्या द्रावणात तिचा अर्क मिसळला असता रंग पिवळसर होतो व त्यावरून ही शक्ती मोजली जाते. याखेरीज तिच्यातील फायलँथिन हे द्रव्य मुख्यत्वे पानांत असते. खोडात व मुळांत ते अत्यल्प असते.

ओळख : पानांच्या बारीक डहाळ्यांखाली मोहरीपेक्षा थोडी मोठी, गुळगुळीत, आखूड देठाची फळे ओळीने लागतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका जातीची फळे खरखरीत व जवळजवळ बिनदेठाची असून खोडावर तांबूस झाक असते. दोहोंची भेसळ होऊ देऊ नये.

संग्रह व वाळवणी :
१. फळे धरलेली, हिरवी व निरोगी झाडे घ्यावीत. तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील झाडे घेऊ नयेत.
२. सर्व झाडे उपटू नयेत. ही वनस्पती वर्षायू असल्याने बी पडण्यासाठी काही झाडे राखावीत.
३. मुळांची माती झटकून, हवेशीर सावलीत स्वच्छ कापडावर पातळ थर पसरावा. कडक उन्हात पाने करपतात व नाजूक द्रव्यांचा ऱ्हास होतो. ढीग केल्यास बुरशी येते.
४. वाळताना गळणारी पाने फेकू नयेत. खरा गुण त्यांतच असतो.
५. पान चुरगळताच मोडू लागल्यावर माल कोरड्या पोत्यांत भरून ओलीपासून दूर ठेवावा.

सावधगिरी : प्रयोगशाळेतील गुण म्हणजे रोगावरील खात्रीचा इलाज नव्हे. १९८८ साली मद्रास येथील संशोधकांनी 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे वाहक असलेल्या व्यक्तींवर या वनस्पतीचा प्रयोग करून आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले; परंतु पुढे अन्यत्र झालेल्या चाचण्यांत तसे यश सातत्याने आढळले नाही. म्हणून डोळे वा लघवी पिवळी दिसताच रोग्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. केवळ घरगुती काढ्यावर विसंबून दिवस दवडल्यास जिवावर बेतू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाळवणीची रीत शिकवितानाच ही गोष्टही शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवावी.