मनाचा ताण आणि विडीचा धूर



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या घरातील मुलाची झोप कमी होते, जेवणावरचे लक्ष उडते, बोलण्यात तिरसटपणा येतो. घरात शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी असली तर त्या मुलावरचे ओझे दुप्पट असते. वडील म्हणतात, 'तू शिकलास तर घर वर येईल.' धाकट्या भावंडांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. त्यातच शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, वसतिगृहात जागा मिळत नाही, वर्गात कोणी आडनाव विचारून खोचक बोलते. हा ताण खरा आहे. 'आजकालच्या पोरांना कसला आलाय ताण?' असे म्हणून तो उडवून लावू नये.

अशाच वेळी टपरीवर एखादा मोठा मुलगा त्याच्या हातात सिगारेट देतो आणि म्हणतो, 'ओढ, डोके हलके होईल.' हे म्हणणे खरे आहे काय, एवढेच या पाठात आपल्याला तपासायचे आहे. केवळ ऐकले म्हणून, सगळे म्हणतात म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नये, ती स्वतः पारखून घ्यावी, हा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. त्याच कसोटीवर ही सिगारेट आपण घासून पाहू.

डोके हलके होते म्हणजे काय होते?

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. विडीचा किंवा सिगारेटचा झुरका घेतला की ते फुप्फुसातून रक्तात आणि तेथून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूत त्यामुळे डोपामाइन हे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. परंतु त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाबही चढतो. म्हणजे शरीर शांत झालेले नसते, उलट त्याला चाबूक मारलेला असतो.

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्यावा. साधारण दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय झालेली असली की ते कमी होताच चिडचिड सुरू होते, बेचैनी वाढते, वाचनात लक्ष लागत नाही. मुलाला वाटते, हा अभ्यासाचा ताण आहे. तो पुन्हा सिगारेट ओढतो, बेचैनी थांबते आणि तो म्हणतो, 'पाहा, सिगारेटने ताण गेला!' वास्तविक जो ताण गेला तो आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेला होता. परीक्षेचा, पैशाचा, अपमानाचा ताण जेथे होता तेथेच आहे. एखाद्या सावकाराने आपल्याच खिशातले रुपये काढून घ्यावेत आणि त्यातले चार आणे परत देऊन उपकाराचा आव आणावा, तसा हा व्यवहार आहे.

हे केवळ उपदेशाचे बोलणे नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅरट यांनी १९९९ साली या प्रश्नावरील संशोधनाचा आढावा घेतला. किशोरवयीन मुले नियमित धूम्रपान करू लागली की त्यांचा ताण वाढत जातो, असे त्यात दाखवून दिले आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्या लोकांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात आढळले. सिगारेट हे ताणाचे औषध असते तर ती सोडणाऱ्यांचा ताण वाढायला हवा होता.

कोणी विचारील, मग ओढणाऱ्याला निवांत का वाटते? त्याचे आणखी एक कारण आहे. तो काम किंवा पुस्तक बाजूला ठेवतो, मोकळ्या हवेत जातो, दोन मित्रांशी बोलतो आणि लांब श्वास घेतो. यातील प्रत्येक गोष्टीने मन हलके होते आणि यातील एकाही गोष्टीला तंबाखू लागत नाही.

कोवळ्या वयातच धोका अधिक का?

माणसाच्या मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. विचार करून निर्णय घेणारा, मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. अशा वाढत्या मेंदूवर निकोटिनची पकड लवकर आणि घट्ट बसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. अधूनमधून सिगारेट ओढणाऱ्या काही मुलांत अवघ्या काही आठवड्यांत व्यसनाची लक्षणे दिसली होती. ती मुले रोज ओढणारी देखील नव्हती. म्हणून 'परीक्षेपुरती ओढतो, मग सोडून देईन' या बोलण्यात दम नाही. अमेरिकेतीलच पाहणीनुसार रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते. याचा अर्थ असा की, अठरा वर्षे जो यापासून दूर राहिला तो बहुधा जन्मभर सुटला.

आपल्या देशातील स्थिती काय आहे? २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले-मुली कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच ओढून पाहिली होती! तेव्हा 'आमचा अजून लहान आहे, त्याच्याशी हा विषय कशाला काढायचा?' असे म्हणणाऱ्या पालकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

शरीराची आणि संसाराची हानी

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोग निर्माण करणारी आहेत. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, म्हणून धावताना दम लागतो. विडी सौम्य असते हा समज खोटा आहे. ती विझू नये म्हणून जोरजोराने व वारंवार झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे डांबर, निकोटिन आणि विषारी वायू अधिकच आत जातात. आपल्या दाट वस्त्यांत क्षयरोग आजही आहे. धूम्रपान करणाऱ्याला तो होण्याचा धोका दोन ते अडीच पट असतो. आपल्या देशात तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात.

महाराष्ट्रात तर ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण फार मोठे आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खातात, चघळतात किंवा दातांना लावतात. तेव्हा 'सिगारेट वाईट, पण चिमूटभर तंबाखू किंवा खर्रा चालतो' असे कोणी समजू नये. मिश्री, खर्रा, गुटखा या सगळ्यांत तेच निकोटिन आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे.

पैशाचा हिशेब घरी बसून मांडावा. रोजचे वीस रुपये धरले तर महिन्याचे सहाशे आणि वर्षाचे सात हजार तीनशे रुपये होतात. एवढ्या पैशांत मुलाची वर्षाची पुस्तके, वह्या व परीक्षेचे शुल्क भागू शकते.

विडी आणि आपला समाज

विडीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. कामठी, भंडारा, गोंदिया, सिन्नर, सोलापूर या भागांत हजारो घरे विड्या वळून जगली. तेंदूची पाने कातरून, त्यांत तंबाखू भरून दिवसभर विड्या वळणाऱ्या आया-बहिणींच्या फुप्फुसात तंबाखूची धूळ जात राहिली आणि हातात तुटपुंजी मजुरी पडली. कामठीच्या बाबू हरदास यांनी या विडी कामगारांना संघटित केले. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

विडी वळणाऱ्या भगिनीला येथे दोष द्यायचा नाही. तिचा तो पोटाचा प्रश्न आहे. परंतु विचार करा, जिच्या श्रमाने नफा दुसऱ्याच्या तिजोरीत गेला, तिच्याच मुलाने तीच विडी विकत घेऊन ओढावी आणि आपली छाती जाळावी, यात कोणाचे हित आहे?

पाचवे शील काय सांगते?

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज ग्रहण करतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही तरुण विचारतात, 'शीलात मद्याचा उल्लेख आहे, तंबाखूचा कोठे आहे?' प्रश्न रास्त आहे. तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली, तेव्हा तथागतांना होऊन दोन हजार वर्षे उलटली होती. शीलात तिचे नाव नसणारच. पण मद्य वर्ज्य का सांगितले, याचे कारण त्या शीलातच दिले आहे. ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे मूळ आहे म्हणून. दारूसारखी धुंदी सिगारेटने येत नाही हे मान्य. तरी जी वस्तू दर दोन-तीन तासांनी मनाला ओढून टपरीवर नेते, आपला निर्णय आपल्याला घेऊ देत नाही आणि भागवली की पुन्हा तहान वाढवते, तिला तृष्णेखेरीज दुसरे काय नाव द्यावे? शीलाचा शब्द पाहावा तसा त्याचा हेतूही पाहावा.

मग ताणाचे काय करावे?

मुलांनो, 'ओढू नका' एवढे सांगून तुमचा ताण जाणार नाही, म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट श्वासाची. मन घाबरे झाले की पाठ ताठ ठेवून बसा, डोळे मिटा आणि श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहा. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबवा. पाच-दहा मिनिटे हे करा. आनापानसतीची ही पहिली पायरी आहे. तिने नाडी मंदावते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट, अभ्यासाचे तुकडे पाडा. पाऊणएक तास वाचून झाले की उठा, पाणी प्या, अंगणात किंवा गच्चीवर चार फेऱ्या मारा. रोज थोडे खेळा किंवा भरभर चाला. झोप तोडून अभ्यास करू नका.

तिसरी गोष्ट, मनातले बोला. आई, मावशी, मोठा भाऊ, विहारातील एखादे ज्येष्ठ उपासक, शाळेतील गुरुजी किंवा बाई, ज्यांचा भरवसा वाटतो त्यांना सांगा. कोणी जातीवरून अपमान केला असेल तर तो मुकाट्याने गिळू नका. मन फारच खचले असेल तर शासनाची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तेथे बोला.

चौथी गोष्ट, नकार आधीच ठरवून ठेवा. 'मला नको' एवढे दोन शब्द पुरेत. कारणे देत बसू नका, कारण प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर तयार असते. विजेवर चालणारी ई-सिगारेट कोणी निरुपद्रवी म्हणून दिली तर तिच्यातही बहुधा निकोटिनच असते आणि २०१९ पासून आपल्या देशात तिच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे.

आणि ज्याने सुरुवात केली असेल त्याने खचून जाऊ नये. सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात, पण दोन ते चार आठवड्यांत तो त्रास ओसरतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाला विडी-काडी आणायला दुकानात पाठवणे आजपासून बंद करावे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. वस्तीतील शाळेजवळ असे दुकान असेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे. मुलाच्या खिशात सिगारेट सापडली तर मारझोड करू नये. त्याने ती कोणत्या दुःखापायी हाती घेतली ते आधी विचारावे. आणि वडील स्वतः ओढत असतील तर त्यांच्या उपदेशाला वजन येणार नाही. त्यांच्यासाठीही वेळ गेलेली नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार वयाच्या तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याचे सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे आयुष्य वाचते. बापाने मुलासमोर विडीचे बंडल बाजूला ठेवले, तर या पाठाची अर्धी शिकवण तेथेच पोहोचेल.

घरी किंवा विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. सिगारेट ओढल्यावर जो ताण जातो तो कोठून आलेला असतो?
२. शीलात तंबाखूचे नाव नसताना ती वर्ज्य का मानावी?
३. आपल्या घरात तंबाखूवर महिन्याला किती खर्च होतो? त्या पैशांत मुलांसाठी काय घेता येईल?
४. आपल्या मुलावर सध्या कोणता ताण आहे? हा प्रश्न आपण त्याला शेवटचा कधी विचारला?